अठरावा अध्याय आणि माझं लग्न

माझं लग्न तौरातीच्या अठराव्या अध्यायामुळं जमलं. तौरात म्हणजे मूसा पैगंबरांची किताब. ख्रिस्ती लोकांच्या बायबलात ती अगदी सुरुवातीला असते, आणि हा अध्याय तिच्या पाचव्या, शेवटच्या भागातला. हे मी सांगायला लागलो की सून तोंडाला पदर लावते, तिला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझी बायको मेहरून गेल्यापासून मी बारामतीला थोरल्याकडं असतो, त्यामुळं डोकं फिरलंय की जागेवर आहे हे ठरवायला घरात आता दुसरं कोणी नाही. इथं संध्याकाळी नातवाच्या फोनवर दोघंजण भांडत असतात. एक दाढीवाला, एक टायवाला. भांडण एकच, आमचे पैगंबरसाहेब येणार हे बायबलात आधीच लिहून ठेवलंय की नाही. नातू म्हणतो, दादा, बघा आपल्यावाल्यानं कसा गप केला त्याला. मी म्हणतो, ह्यांच्यातल्या कुणाचं लग्न अडलंय का? नाही ना? मग एवढा घसा कशाला फोडतात. माझं अडलं होतं म्हणून मी फोडला.

आम्ही मुलाणी. नरसिंहपूरच्या वाटेवरचं गाव, इंदापूर तालुका. गावात जत्रा असो, पिराची कंदुरी असो, कुणाचा नवस असो, बकरं कापायचं म्हटलं की मुलाण्याला सांगावा यायचा. बिस्मिल्ला म्हणून सुरी आम्हीच फिरवायची, हा रिवाज. मराठ्यांच्या घरी तसंच, धनगरांच्या घरी तसंच. आणि त्याबद्दल हक्क म्हणून मानेचा तुकडा आणि काळीज घेऊन यायचं. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, दगडावर सुरी घासायचा आवाज होता. अब्बा पहाटे सुरी घासायला बसले की समजायचं, आज कुठंतरी बकरं आहे, म्हणजे आज घरात कालवण आहे. अम्मा काळीज तव्यावर लसूण आणि जाडं मीठ टाकून परतायची आणि त्या वासानं शेजारची मांजरं कौलावर येऊन बसायची. मी आणि मांजरं एकाच वेळी हजर व्हायचो. अब्बा बोलायचे फार कमी. मी मात्र जन्मापासून बडबड्या. अम्मा म्हणायची, ह्याच्या तोंडाला अल्लानं कवाड लावलंय, पण कडी लावायची राहून गेली.

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पुढं गेलो नाही त्याला गरिबी वगैरे कारण नव्हतं, गणित होतं. मशिदीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत हाफिजजी आम्हाला कुराण शिकवायचे. अर्थ नाही, नुसतं म्हणायला. ते एक ओळ म्हणायचे, आम्ही डुलत डुलत मागून म्हणायचो. अडखळलं की मधून धरू द्यायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं माझ्या डोक्यात जे काही बसलं ते बैलगाडीसारखं बसलं, बैल पुढं जुंपल्याशिवाय मागचं चाक हलायचं नाही. तुम्ही मला आजही एखाद्या सूऱ्याची, म्हणजे कुराणातल्या अध्यायाची, मधली ओळ विचारा. मी मनात पहिल्यापासून सुरू करीन, आणि तुमची ओळ आली तरी मला थांबता येणार नाही. त्या वयात मला हा दोष वाटत नव्हता. मला वाटायचं, आपण हुशार आहोत.

इंदापूरला बाजारपेठेत अत्तारचाचांचं दुकान होतं. कुंकू, कापूर, ऊद, लोबान, बांगड्या, काळे दोरे, आणि काचेच्या कुप्यांत अत्तर. दुकानाच्या मागं घर आणि मधे एक जुन्या साडीचा पडदा. काही लागलं की चाचा न वळता हाक मारायचे आणि पडद्यातून एक हात बाहेर यायचा. तो हात मेहरूनचा. एकदा मी लोबान आणायला गेलो आणि ऐट म्हणून अत्तराच्या ताटावर वाकून वास घेतला. हिना होतं की काय होतं, मला अशी शिंक आली की कुंकवाचा ढीग उडून चाचांच्या पांढऱ्या दाढीवर बसला. पडद्यामागं कुणीतरी हसलं. दाबून नाही, चांगलं खळखळून. माझं काम तिथंच झालं. पुढं महिनाभर आमच्या घरात एवढा लोबान आला की अम्मानं विचारलं, घरात मयत झालीया का कुणाची?

शेवटी अम्माला खरं सांगावं लागलं. आमच्याकडं असं मागणं सरळ घालत नाहीत, मधे वजनदार माणूस लागतो. आमच्या गावचे भाऊतात्या बागायतदार होते आणि अत्तारचाचांचे जुने दोस्त, त्यांनी शब्द टाकला. चाचा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, मुलाण्याच्या पोराला सुरी चालवता येते हे सगळ्यांना माहीत आहे, जबान चालवता येते का ते बघू. आणि त्यांनी अट घातली.

अट समजायला शांतवन मास्तर सांगायला पाहिजेत. मास्तर ख्रिस्ती, मिशनच्या शाळेतून निवृत्त होऊन इंदापुरातच कोंबड्या पाळून राहिलेले. दर रमजान ईदीला ते चाचांकडं शीरखुर्मा प्यायला यायचे आणि दर ईदीला दोघांचं एकच भांडण व्हायचं. चाचा आधी गोष्टी सांगायचे. बहिरा नावाच्या ख्रिस्ती साधूची, ज्यानं पोरवयातल्या पैगंबरसाहेबांवर ढगाची सावली चालताना बघितली आणि आपल्या जुन्या पुस्तकातल्या खुणांवरून त्यांना ओळखलं. हबशच्या नजाशी राजाची, जो ख्रिस्ती होता, आणि मक्केतून जीव घेऊन आलेल्या आपल्या लोकांनी त्याच्या दरबारात बीबी मरियमचा सूरा म्हटला तेव्हा त्याची दाढी आसवांनी भिजली. त्यांना धरून न्यायला आलेल्या मक्केवाल्यांच्या हाती त्यानं त्यांना दिलं नाही. ईदीला अब्बांबरोबर इंदापूरला गेलो की मी या गोष्टी लहानपणापासून चाचांच्या दारात उभं राहून ऐकलेल्या. हबश आफ्रिकेत आहे हे मला कोण सांगणार, ते टेंभुर्णीच्या पलीकडं कुठंतरी असणार आणि बहिराचा मठ नदीकाठी, असं मी पक्कं धरून चाललो होतो. पुढं एकदा टेंभुर्णीला एसटीतून उतरल्यावर मी चहावाल्याला विचारलंसुद्धा. ते जाऊ द्या.

गोष्टी झाल्या की चाचा मुद्द्यावर यायचे. तौरातीच्या अठराव्या अध्यायात देव मूसाला सांगतो की तुझ्या लोकांसाठी त्यांच्या भावांमधून तुझ्यासारखा एक पैगंबर उठवीन. आता भाऊ कोण? मूसाचे लोक इसहाकच्या वंशातले, इसहाकचा भाऊ इस्माईल, आणि इस्माईलच्या वंशात आमचे पैगंबरसाहेब. मूसासारखा कोण? ज्यानं कायदा आणला, वतन सोडलं, लढाई केली, लेकरंबाळं झाली, तो. झालं की नाही सिद्ध? मास्तर दुसरी वाटी पुढं करत म्हणायचे, अत्तारभाई, त्याच्या आधीच्याच अध्यायात लिहिलंय की राजा नेमाल तो भावांमधलाच नेमा, परका नेमू नका. मग तिथं भाऊ म्हणजे कोण? आपलेच ना? आणि दुसरा कैवारी पाठवीन म्हणून येशू म्हणाला, त्याला चाचा म्हणायचे ते आमचे अहमद, मास्तर म्हणायचे तो पवित्र आत्मा. कोणी कधी हरलं नाही. शीरखुर्मा संपला की भांडण संपायचं.

तर अट अशी, की येत्या ईदीला हे सगळं चाचांच्या ऐवजी मी बोलायचं, मास्तरांच्या समोर, आणि भावांच्या त्या दोन ओळी मास्तरांच्याच किताबीतून, तोंडपाठ. चाचांजवळ उर्दूतली एक पुस्तिका होती, पण मला उर्दू वाचता येत नव्हतं. मराठीतलं बायबल आख्ख्या माहितीत एकाच माणसाकडं होतं. ज्याला हरवायचं त्याच्याकडं.

मास्तरांकडं मी कोंबडं कापायला जातच होतो. एका दुपारी कोंबडं सोलून झाल्यावर मी हात धुतले आणि सरळ सांगून टाकलं की मास्तर, मला तुमचं पुस्तक पाहिजे, तुम्हाला हरवायचंय. मास्तर चष्मा पुसत माझ्याकडं बघत राहिले.

"कशासाठी?"

"लग्नासाठी."

"मग बस," मास्तर म्हणाले. "पण पहिल्यापासनं वाचायचं. पुस्तक म्हंजे काय कलिंगड हाय व्हय, मधला गर खायचा नि बाकीचं जनावराला टाकायचं?"

मग रोज दुपारी मास्तर ओसरीवर खुर्चीत आणि मी खाली. ते एक ओळ वाचायचे आणि मी डुलत मागून म्हणायचो. कोंबड्या पायांतून फिरायच्या. मास्तरीणबाई अंड्याची पोळी करून द्यायच्या, वर कांदा, आणि आतूनच म्हणायच्या की हा पोरगा बायबल म्हणतोय की बांग देतोय? मी हाफिजजींच्या चालीवरच म्हणत होतो, दुसरी चाल मला येत नव्हती. मराठी शब्दांना ती चाल लावली की ते शब्द ओळखू यायचे नाहीत, आणि मलाही आले नाहीत. मी आख्खा अध्याय पाठ केला आणि त्यात काय आहे याचा मला पत्ता नव्हता. मला एवढंच माहीत, की यात कुठंतरी आमचा मुद्दा आहे. मास्तरांना पुढं काय होणार हे तेव्हाच दिसलं होतं का, हे मी पुढं त्यांना खूप वेळा विचारलं. ते प्रत्येक वेळी चष्मा पुसायचे.

ईद उजाडली. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, चाचांच्या बैठकीत सतरंजी पडली. आतून खारीक, चारोळी, आटवलेलं दूध, तुपात परतलेल्या शेवया असा वास येत होता. एका बाजूला मास्तर. मधे हाफिजजी, डोळे मिटून. भाऊतात्या लोडाला टेकलेले, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. अब्बा दाराशी, नेहमीसारखे गप. आणि पडदा. पडद्याखालून पावलांच्या दोन-तीन जोड्या दिसत होत्या, त्यातली एक मेंदीची होती. चाचा म्हणाले, हां, दस्तगीर, भावांमधून पैगंबर, ते सांग मास्तरांना.

मला ते सांगता आलं असतं तर मी बैलगाडी कशाला झालो असतो. ते मधे होतं. मी डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि अध्याय पहिल्यापासून सुरू केला.

आता अध्यायाची सुरुवात काय आहे, तर बळी देताना जो पुरोहित असतो त्याचा हक्क काय. बैल असो की मेंढरू, कापणाऱ्या यजमानानं पुरोहिताला फरा, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, द्यावा, दोन्ही गालफडं द्यावीत आणि कोथळा द्यावा. हे मी सुरात, लांबवून, डुलत म्हणालो. भाऊतात्यांनी लोड सोडला आणि ताठ बसले. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं, की तात्यांना काळीज फार आवडायचं आणि त्यांच्या घरच्या बकऱ्याचं काळीज आम्हाला कधी येत नव्हतं. नुसता मानेचा तुकडा यायचा.

"आँ?" तात्या म्हणाले. "ह्यो मला सुनावतोय व्हय? मुलाणी, तुझं पोरगं आता फराबी मागतंय का रं?"

अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा भर बैठकीत तोंड उघडलं. ते म्हणाले, "तात्या, मी न्हाय शिकवलं. किताबीत हाय म्हणतोय."

तात्या मास्तरांकडं वळले आणि विचारलं, खरंच असं हाय का तुमच्या पुस्तकात? मास्तर म्हणाले, आहे. गालफडंसुद्धा? गालफडंसुद्धा. तात्या फेटा डोक्यावर ठेवून पुन्हा काढू लागले. हे सगळं मला ऐकू येत होतं, पण मी थांबू कसा? थांबलो तर पुन्हा फऱ्यापासून.

मी पुढं गेलो. पुढं देव बजावतो की तुमच्यात शकुन बघणारा, मंत्र घालणारा, जादूटोणा करणारा, भुताखेतांना विचारणारा कोणी असू नये, देवाला त्याची किळस येते. मी हेही चांगलं आळवून म्हणालो. चाचांच्या डोक्यामागं, अगदी दाढीच्या रेषेत, खुंटीवर ताईत टांगलेले होते. शेजारी काळे दोरे, नजरेचे. दुकानातल्या सगळ्या मालात जास्त खप त्याचाच, आणि फुंकर स्वतः चाचा घालायचे. मी एक डोळा किलकिला करून बघितलं तर चाचा हात खाली-वर करत होते. मला वाटलं वाहवा चाललीय. मी आवाज चढवला.

मग आमचा मुद्दा आला. भावांमधून, तुझ्यासारखा. मी तो जीव तोडून म्हणालो, पण ऐकतंय कोण? तात्या हाफिजजींच्या कानाशी लागून विचारत होते की ह्यो कायदा मराठ्यांना लागू पडतो का. चाचा खुंटीकडं पाठ करून सरकून बसले होते. आणि मुद्दा झाल्यावर गप बसावं की नाही? अध्याय तिथं संपत नाही. पुढं खोट्या पैगंबराचं येतं, की जो देवानं न सांगितलेलं देवाच्या नावावर खपवील त्यानं मरावं. जे बाजूनं होतं त्याच्या मागोमाग मी तेही त्याच चालीत म्हणून टाकलं. हाफिजजींनी डोळे उघडले. अध्याय संपला. मला वाटलं झालं, सुटलो, आणि सवयीनं, कुराण वाचून झाल्यावर म्हणतो तसं, मोठ्यानं म्हणालो, सदकल्लाहुल अज़ीम. देवानं खरं सांगितलं. मास्तरांनी डोकं झुकवलं आणि म्हणाले, आमेन.

आत दूध उतू गेलं, ते बैठकीत ऐकू आलं.

चाचांनी दाढी मुठीत धरली. मग म्हणाले, "तुला दोन वळी सांगितल्या हुत्या, दस्तगीर. दोन. ह्ये तू कुठनं शिकून आलास?" मी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी चष्मा काढला. तेवढ्यानं चाचांना समजलं, आणि तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ज्याच्यापुढं मला उभं करायचं होतं त्याच्याच ओसरीवर मी अंड्याची पोळी खाऊन आलो होतो.

सणाच्या दिवशी, तात्यांनी टाकलेला शब्द, तात्यांच्या तोंडावर मोडणं बरं दिसलं नसतं. चाचा व्यवहारी माणूस. ते म्हणाले, मुलीची मर्जी विचारावी लागते, आपल्यात हुकूमच आहे तसा. मला तेव्हाच समजलं की नकार आता पडद्याआडून येणार आणि चाचांचे हात मोकळे. पण हाफिजजी मधेच म्हणाले की मुलगी गप्प राहिली तर होकार धरतात, हे विसरू नका अत्तारभाई. चाचांची पंचाईत झाली. म्हणजे आता तिनं नको म्हणून बोलायलाच पाहिजे. ते पडद्याशी गेले आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेहरून, सांग बेटा. नको ना?"

मी जमिनीकडं बघत होतो. जन्मात बोललो त्याचं सगळं एकदम माझ्या अंगावर आलं होतं. मला त्या वेळी अब्बांसारखं व्हायचं होतं.

पडद्यामागं बायकांचं कुजबुजणं झालं, कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढला. मग आवाज आला. त्या आधी तिचं फक्त हसू ऐकलं होतं मी.

"अब्बा, त्यांना कुठं थांबायचं त्ये कळत न्हाय. मला कळतंय. जमंल."

पहिल्यांदा हसले ते तात्या. मग मास्तर. मग अब्बा हसले, ते मी आयुष्यात एकदाच बघितलं, खांदे हलत होते आणि आवाज नव्हता. चाचा हसले नाहीत. ते आत गेले आणि बऱ्याच वेळानं स्वतःच्या हातानं शीरखुर्म्याची वाटी घेऊन आले आणि माझ्यापुढं आदळली. तो होकार. पुढच्या जत्रेला तात्यांकडनं काळीज आलं. फरा आला नाही. पुढच्या ईदीला चाचा आणि मास्तर पुन्हा भावांवरून भांडले, मी दारात उभा होतो, मला कोणी विचारलं नाही.

आणि तिनं शब्द पाळला. बाजारात, लग्नात, एसटीच्या फलाटावर, मी कुणाशी धर्मावरून, उसावरून, गाईच्या दुधावरून सुरू झालो की मागून एकच शब्द यायचा, "बास." ओरडून नाही. भाकरी उलटावी इतक्या सहज. मी चिडायचो. लोकांदेखत चिडायचो. एकदा तर मी म्हणालो की तुझ्या त्या बासनं माझे निम्मे मुद्दे राहून गेले. ती म्हणाली, राहिलेत तेच बरे असतील.

तिला इंदापूरलाच माती दिली, तिच्या माहेरच्या कबरस्तानात. लोकांनी मूठमूठ माती टाकली, दुआ झाली, माणसं निघायला लागली. मी कबरीच्या उशाशी बसलो आणि मयतासाठी म्हणतात ती यासीन धरली. लांब सूरा आहे. पोरं चपला हातात घेऊन उन्हात उभी राहिली. संपली. मी पुन्हा पहिल्यापासून धरली. थोरला दोनदा जवळ आला आणि काही न बोलता मागं गेला. मौलवी तरणा होता, त्याला वाटलं म्हाताऱ्याला म्हणू द्यावं. सगळ्यांना तसंच वाटत होतं, आणि मी म्हणत राहिलो, कारण मी मागून येणाऱ्या एका शब्दाची वाट बघत होतो.